नोट्रम्पविरुद्ध खेळताना भिडूची सूट तुंबवू नका

मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाची बोटं एक गोष्ट विचार न करता करतात. भिडूची राणी हात घेणार असं दिसलं, की आपला राजा मागे ठेवायचा आणि खाली पंजी सारायची. भिडूच्या मोठ्या पानावर आपलं मोठं पान ‘फुकट’ घालवायचं नाही, हे लहानपणी घरच्या मोठ्यांचा ओरडा खाऊन शिकलेलं असतं. ब्रिजमध्ये तीन नोट्रम्पविरुद्ध (म्हणजे हुकूम नसलेल्या डावात) बचावाला बसलात, की हीच सवय हातात आलेला डाव डिक्लेअररच्या, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याच्या, घशात घालते.

शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कजवळ एका घरी मी चार-सहा नव्या खेळाडूंना घेऊन बसते. बोली ठीक, उतारी ठीक, मोजणीही बरी. आणि मग सूट, म्हणजे भिडूचा लांब रंग, तुंबते. पावसात मुंबईत हिंदमाताला तुंबतं तसं: पाणी भरपूर, वाट एकच, आणि नेमका त्या वाटेत दगड. तो दगड म्हणजे तुमच्याकडे मागे राहिलेलं मोठं पान. त्या पानाने हात मिळतो, पण त्या सूटचं दुसरं पान तुमच्याकडे उरत नाही. भिडूची पक्की पानं पलीकडे बसून राहतात आणि त्यांच्यापर्यंत जायला रस्ता नसतो.

तुम्हाला ब्रिजचे नियम आणि साधी बोली येते असं धरून पुढे जाते. सगळ्या उदाहरणांत दक्षिण डिक्लेअरर, उत्तर डमी, पश्चिमेला तुमचा भिडू आणि तुम्ही पूर्वेला.

तयारी: बसण्याआधी भिडूशी काय ठरवायचं

दोनच गोष्टी, पण त्या डाव सुरू होण्याआधी ठरल्या पाहिजेत.

पहिली: नोट्रम्पविरुद्ध भिडूने एक्का उतरला तर त्याचा अर्थ काय? बऱ्याच जोड्या एक्क्याची उतारी ‘तुझ्याकडचं चित्र टाकून दे’ अशी मागणी म्हणून ठेवतात. चित्र नसेल तर पानांची संख्या दाखवायची. काही जोड्या हेच काम राजाला देतात. दोन्ही चालतं. मात्र एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर कुठलंच चालत नाही.

ही मागणी कशासाठी, तेही समजून घ्या. भिडूकडे एक्का-राजा-गुलाम-१०-३ आहेत, तुमच्याकडे राणी-६-२. राणी जपलीत तर पहिल्या दोन हातांना छक्की आणि दुर्री जातात, तिसऱ्या हाताला राणी भिडूच्या गुलामाच्या डोक्यावर बसते आणि सूट तिथेच थांबते. तुमच्याकडे राणी-६ एवढीच असती तर ती दुसऱ्या हाताला आपोआप पडली असती. पण तोवर भिडू थांबलेला असेल. ‘राणी डिक्लेअररकडे असली तर?’ या भीतीने तो दुसरी सूट काढेल. पहिल्याच हाताला राणी पडली की त्याची शंका मिटते.

दुसरी: राणीची उतारी. राणी-गुलाम-दश्शी अशी सलग पानं असताना, किंवा राणी-गुलाम-नव्वी असताना ती होते, एवढं दोघांच्या डोक्यात पक्कं हवं. याखेरीज कुणी ‘सहज’ राणी उतरत असेल तर आधी ती सवय मोडा. खालचा सगळा हिशोब त्या पानावर उभा आहे.

टप्पा १: डमी उघडली, आता हात मांडीवर

डिक्लेअररने डमीतून झटकन पान मागितलं तरी तुम्ही झटकन टाकायला बांधील नाही. पहिल्या हाताला तिसऱ्या खेळाडूने थांबून विचार करणं यात काहीच वावगं नाही. उलट दर डावाला थांबत गेलात तर तुमच्या थांबण्यातून कुणाला काही कळतही नाही. या वेळेत तीन प्रश्न सोडवायचे.

एक, भिडूची सूट किती लांब आहे आणि माझ्याकडे तिची किती पानं आहेत? माझी कमी असतील आणि त्यांत चित्र असेल, तर धोका आहे.

दोन, भिडूकडे बाहेरची एन्ट्री, म्हणजे दुसऱ्या सूटमधलं हात घेऊन आत यायचं पान, असू शकते का? हे पॉइंटांवरून निघतं. एकूण ४० (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १). डमीचे दिसतात, स्वतःचे माहीत असतात, डिक्लेअररने बोलीत सांगितलेले असतात. उरले ते भिडूचे.

तीन, माझं मोठं पान आत्ता टाकलं तर डमीतलं एखादं पान फुकट वर येईल का?

प्रत्यक्ष डाव घेऊ. दक्षिणेने एक नोट्रम्प (१५ ते १७ पॉइंट) उघडला, उत्तरेने थेट तीन नोट्रम्प सांगितले. भिडूने इस्पिकची राणी उतरली.

उत्तर (डमी): इस्पिक ८-४-२; बदाम राजा-राणी-६; चौकट राजा-गुलाम-१०-७; किलवर राणी-५-३
पूर्व (तुम्ही): इस्पिक राजा-५; बदाम गुलाम-१०-७-३-२; चौकट ६-५-३-२; किलवर ९-७

डमीत ११ पॉइंट, तुमच्याकडे ४, दक्षिणेकडे १५ ते १७. भिडूला उरतात ८ ते १०. राणी-गुलामाचे तीन काढले तरी पाच-सात शिल्लक, म्हणजे बाहेर एखादा एक्का असायला जागा आहे. डमीतली इस्पिकं ८-४-२, त्यातून वर येण्यासारखं काही नाही. तिन्ही उत्तरं एकाच दिशेला बोट दाखवतात: राजा टाका.

आता झाकलेली पानं उघडू.

पश्चिम: इस्पिक राणी-गुलाम-१०-६-३; बदाम ९-८; चौकट एक्का-४; किलवर गुलाम-१०-८-४
दक्षिण: इस्पिक एक्का-९-७, बदाम एक्का-५-४, चौकट राणी-९-८, किलवर एक्का-राजा-६-२

दक्षिणेकडे इस्पिकचा एक, बदामचे तीन, किलवरचे तीन असे सात हात तयार आहेत. चौकट काढल्याशिवाय नऊ होत नाहीत आणि चौकटचा एक्का भिडूकडे आहे.

तुम्ही पंजी टाकलीत तर? दक्षिण हात सोडतो, राणीला हात मिळतो. भिडू गुलाम उतरतो, तुमचा एकटा राजा त्याच्यावर पडतोच, दक्षिण पुन्हा हात सोडतो. तुमच्याकडे आता इस्पिक नाही. पुढे चौकटच्या एक्क्यावर भिडू आत येतो, दश्शीने दक्षिणेचा एक्का काढतो, छक्की आणि तिर्री पक्क्या होतात आणि डाव संपेपर्यंत तशाच राहतात. दक्षिणेचे दहा हात.

राजा टाकलात तर? दक्षिणेने लगेच एक्का घेतला, की भिडूकडे गुलाम-१०-६-३ हे चार हात आणि चौकटचा एक्का असे पाच. दक्षिणेने हात सोडला, की तुम्ही पंजी परत करता. तो नव्वी टाकतो, भिडू दश्शीने घेतो आणि गुलामाने एक्का बाहेर काढतो. पुढे चौकटचा एक्का, मग छक्की, मग तिर्री. मोजा: राजा, दश्शी, चौकटचा एक्का, छक्की, तिर्री. पाच हात, कॉन्ट्रॅक्ट एकने बुडालं.

असाच डाव मी अनेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका क्लबात घालवला होता. पंजी टाकली तेव्हा स्वतःच्या शहाणपणावर खूशही होते. डाव संपल्यावर भिडू काही बोलले नाहीत. आपली छक्की आणि तिर्री तेवढी चहाच्या कपाशेजारी उताणी ठेवली आणि पुढचा डाव पिसायला घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

*तपासा:* राजा एक्क्याखाली मरतोय हे दिसत असूनही टाकवतोय का? हात हलत नसेल तर असं बघा: राजा गेल्यावर वर कोण राहतं? गुलाम आणि दश्शी, दोन्ही आपलेच. म्हणजे गेलेलं काहीच नाही.

*इशारा:* डमीत एक्का-९-८-४ असेल आणि ती खालचं पान टाकत असेल, तर राजा टाकू नका. राजा आणि दश्शी खर्च झाल्यावर डमीतली नव्वी भिडूच्या छक्कीवर हात करून जाते. डमीत चार पानं आणि त्यांत नव्वी-दश्शी दिसली, की आधी बोटांवर मोजा, मग हात घाला.

टप्पा २: भिडूचा राजा, आपल्याकडे एक्का

इथे माणसं सर्वांत जास्त कचरतात, आणि इथेच नफा सर्वांत मोठा असतो. भिडूने राजा उतरला. त्याच्याकडे राजा-राणी-गुलाम-७-२, तुमच्याकडे एक्का-४, डमीत ९-६-३, दक्षिणेकडे १०-८-५.

एक्क्याने राजा मारा आणि चव्वी परत करा. एक्का, गुलाम, राणी, सत्ती, दुर्री: सलग पाच हात आणि डिक्लेअररने अजून स्वतःचं काहीच खेळलेलं नाही. बाहेरच्या एन्ट्रीची गरजही पडली नाही. चव्वी टाकून राजाला हात दिलात तर पुढच्या हाताला एक्का येतो आणि खेळ खलास. पाचाचे दोन होतात.

तुमच्याकडे एक्का आणि दोन लहान पानं असली तरी हेच. तिसऱ्या हातापर्यंत एक्का ठेवलात तर तो एकटाच उरतो आणि वाट अडवतो.

टप्पा ३: तीन पानं असतील तर दुसऱ्या हाताला, त्यानंतर नाही

राजासोबत दोन लहान पानं असतील तर थोडी मोकळीक मिळते. टप्पा १ चाच डाव घ्या आणि डमीतली इस्पिकची चव्वी तुमच्याकडे आणा: तुम्ही राजा-५-४, डमी ८-२. (बदल्यात तुमचं कुठलंही लहान पान डमीला द्या.)

राणीवर चव्वी टाकली तरी चालतं. दक्षिणेने तिथेच एक्का घेतला तर तुमच्याकडे राजा-५ आहेत: राजा वाजवायचा, पंजी द्यायची. पण त्याने हात सोडला आणि भिडूने गुलाम उतरला, तर हीच शेवटची वेळ. त्या गुलामावर राजा टाका. पंजी टाकलीत तर दक्षिण लगेच एक्का घेईल, कारण तुमचा राजा आता एकटा आहे आणि तेच त्याला हवंय.

‘एकदा थांबले, म्हणजे आणखी एकदा थांबता येईल’ ही इथली नेहमीची चूक. पहिल्या हाताला विचार केलेला असतो, दुसऱ्याला हात आपोआप चालतो.

*तपासा:* दश्शी डमीत दिसत असेल तर भिडूची साखळी तुटलेली आहे. तिथे राजा टाकण्याआधी पुन्हा मोजा.

टप्पा ४: परत करताना कुठलं पान

भिडूने लहान पान उतरलं आणि तुम्ही एक्क्याने घेतलंत. मुळात तीन पानं असतील तर उरलेल्या दोनांतलं मोठं परत करा. मुळात चार असतील तर सगळ्यांत लहान. हा नियम संख्या कळवायला आहे असं शिकवतात. खरं आहे, पण तीन पानांच्या बाबतीत तो नियम वाटही मोकळी करतो, हे सांगायचं राहून जातं.

भिडू राणी-९-७-४-२, तुम्ही एक्का-गुलाम-५, डमीत एकटी अठ्ठी, दक्षिण राजा-१०-६-३. चव्वीची उतारी, एक्का. आता पंजी परत केलीत आणि दक्षिणेने राजा घेतला, तर तुमच्याकडे एकटा गुलाम. नंतर तुम्हीच आत आलात तर तो गुलाम हात घेईल आणि भिडूची राणी-९ तिकडे राहतील; भिडूने राणीने गुलाम मारला तर दक्षिणेची दश्शी मोठी होते. त्याऐवजी गुलाम परत करा. दक्षिणेने राजा घेतला तरी पंजी तुमच्याकडे आहे, आणि पंजी म्हणजे भिडूच्या घरची किल्ली.

टप्पा ५: मधली पानं

चित्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका. भिडू एक्का-राजा-राणी-४-२, तुम्ही ९-८-७-३. भिडू वरून वाजवत सुटला आहे. चार पानं आहेत हे दाखवायला तुम्ही अठ्ठी टाकली, मग तिर्री. खूण अगदी पुस्तकी. आता उरली नव्वी आणि सत्ती. तिसऱ्या हाताला त्यांतली एक जाते आणि चौथ्या हाताला भिडूच्या चव्वीवर तुमचं उरलेलं पान चढतं. भिडूची दुर्री पक्की, आणि तिच्याकडे जायला तुमच्याकडे पान नाही.

नव्वी, अठ्ठी, सत्ती या क्रमाने टाका, तिर्री शेवटपर्यंत धरा. भिडूच्या लांब सूटमध्ये तुमचं सगळ्यांत मोलाचं पान बहुतेक वेळा सगळ्यांत लहान असतं. आमच्याकडच्या एक ताई आता डाव लावतानाच भिडूच्या सूटचं सगळ्यांत लहान पान पंख्याच्या टोकाला ठेवतात, चुकून जाऊ नये म्हणून. हे मात्र करू नका. समोरचा चतुर असेल तर पान कुठून निघतंय यावरही नजर ठेवतो.

टप्पा ६: वेळ गेली असेल तर, राजा फेकून द्या

टप्पा १ च्या डावात तुम्ही पंजी टाकलीत आणि दक्षिणेने पहिल्याच हाताला एक्का घेतला, असं समजा. तुमच्याकडे एकटा राजा उरलाय. भिडू चौकटच्या एक्क्यावर आत आला, की इस्पिक तुमच्या राजावर येऊन अडणार. चूक झालेली आहे, पण डाव अजून गेलेला नाही.

दक्षिण चौकटीआधी किलवर वाजवायला लागला: एक्का, राजा, मग डमीची राणी. तुमच्याकडे किलवरची दोनच पानं आहेत. तिसऱ्या किलवरवर काय टाकाल? माणसं चौकटची दुर्री किंवा बदामची दुर्री शोधतात, ‘निरुपयोगी’ म्हणून. सगळ्यांत निरुपयोगी पान इस्पिकचा राजा आहे. तोच फेका. मग चौकटच्या एक्क्यानंतर भिडूचे गुलाम, दश्शी, छक्की, तिर्री असे चार हात मोकळे होतात आणि कॉन्ट्रॅक्ट बुडतं.

शहाणा डिक्लेअरर ही संधी देत नाही, तो आधी चौकट काढतो. पण टेबलावर घाईने पक्की पानं वाजवणारे खूप भेटतात.

*इशारा:* फेकण्याआधी खात्री करा की वरचं पान गेलेलं आहे. दक्षिणेचा इस्पिक एक्का अजून बाहेर यायचा असेल, तर हिशोब वेगळा होतो.

टप्पा ७: बाजूच्या सूटमध्ये भिडूसाठी दार उघडणं

हा सर्वांत अवघड टप्पा. वरचे सहा अंगवळणी पडेपर्यंत तो सोडून दिलात तरी चालेल.

भिडूची इस्पिकं पक्की झाली आहेत, तुमच्याकडे इस्पिक नाही. डिक्लेअररला चौकट उभी करायची आहे: डमीत एक्का-राजा-९-६-४, दक्षिणेकडे ७-५-३, भिडूकडे गुलाम-१०-८, तुमच्याकडे राणी-२. डिक्लेअररला एक हात द्यावा लागणार, आणि तो तुम्हाला दिला तर त्याला भीती नाही. म्हणून तो आधी एक्का वाजवतो. तुम्ही दुर्री टाकलीत, तर तो दक्षिणेला जाऊन लहान चौकट उतरतो, भिडूने दश्शी टाकली तरी डमीतून खालचं पान देतो, आणि तुमची एकटी राणी भिडूच्या दश्शीवर चढून हात घेते. तुम्ही आत, इस्पिक नाही, संपलं.

एक्क्याखाली राणी टाका. आता गुलाम-१०-८ समोर डिक्लेअररला जो हात द्यायचाय तो भिडूलाच द्यावा लागतो, आणि भिडू आत आला की इस्पिकं वाजायला लागतात.

हे दर वेळी करायचं नाही. भिडूकडे वाजवायला पक्की सूट नसेल, तर राणी फेकणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. शिवाय हे करायचं तर न अडखळता करावं लागतं. त्यामुळे डिक्लेअरर ती सूट हात लावेल याचा विचार एक-दोन हात आधीच करून ठेवा.

घरचा सराव

टप्पा १ चा डाव पत्त्यांचा जोड घेऊन टेबलावर उघडा मांडा. चारही बाजू स्वतः खेळा: एकदा पंजी टाकून, एकदा राजा टाकून दक्षिणेने हात सोडल्यावर, एकदा राजा टाकून त्याने लगेच एक्का घेतल्यावर. मग डमीत एक्का-९-८-४ आणि दक्षिणेकडे ७-२ अशी इस्पिकं द्या, डमीचं एक चौकट दक्षिणेला सरकवा म्हणजे तेरा-तेरा जुळतील, आणि पुन्हा राजा टाकून बघा. डमीच्या नव्वीने हात घेतला की थांबा, पानं उलटी करा आणि सुरुवातीपासून मोजा.